हलकी रायफल जास्त का ‘मारते’? लहान चणीच्या शिकाऱ्यांना छळणाऱ्या धक्क्यामागचं गणित आणि त्यावरचे उपाय

तो व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. मोकळं रान. एक बारीक चणीची मुलगी किंवा शाळकरी पोरगा हातात भलीमोठी बंदूक घेऊन उभा. मागून कुणीतरी सांगतंय, "काही नाही होत, दाब!" धाड्कन आवाज होतो, बंदूक उसळते आणि चालवणारा दोन पावलं मागे जाऊन थेट मातीत बसतो. कॅमेरा धरणारा खो खो हसतो. खाली कमेंट्समध्येही तेच, "ताकद नाही तर कशाला उचलायची?"

गंमत म्हणजे या व्हिडिओत ताकदीचा प्रश्न फारसा नसतोच. चूक बहुतेक वेळा बंदूक हातात देणाऱ्याची असते. आणि अमेरिकेसारख्या देशात, जिथे दरवर्षी हरणांच्या हंगामात लाखो लोक परवाना काढून रानात जातात, तिथे ही चूक फार प्रेमाने केली जाते. बाप मुलीसाठी किंवा नवरा बायकोसाठी रायफल घ्यायला दुकानात जातो. "ती लहानखुरी आहे, तिला हलकी रायफल बरी," असं म्हणतो आणि नेमकी तीच रायफल तिच्या खांद्याला सगळ्यात जास्त लागते.

असं का होतं? हलकी वस्तू जास्त जोरात कशी लागते? आणि चण लहान असेल तर करायचं काय? सगळं नीट समजून घेऊ.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवू. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे आणि बंदूक बाळगायला शस्त्र परवाना लागतो. त्यामुळे हा विषय मुख्यतः अमेरिका, कॅनडा, युरोप, न्यूझीलंड अशा देशांतला, जिथे शिकार कायदेशीर आणि नियमांनी बांधलेली आहे. पण यातलं विज्ञान सगळीकडे सारखंच. आपल्या कोल्हापूरच्या नेमबाजांशीही त्याचं नातं आहे, ते शेवटी बघू.

धक्का येतो कुठून?

शाळेतला न्यूटनचा तिसरा नियम आठवतो ना? प्रत्येक क्रियेला तितकीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते. गोळी पुढे जाते, रायफल मागे येते. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढचा भाग मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

नळीतून फक्त गोळी बाहेर पडत नाही. काडतुसातली दारू जळून जो वायू तयार होतो तोही प्रचंड वेगाने बाहेर पडतो, गोळीपेक्षाही जास्त वेगाने. या दोघांचा मिळून जो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, तेवढाच संवेग रायफलला उलट दिशेने मिळतो.

उदाहरण घेऊ. ३०८ विंचेस्टर हे १९५२ पासून बाजारात असलेलं, हरणाच्या शिकारीत सर्रास वापरलं जाणारं काडतूस. त्याची गोळी साधारण पावणेदहा ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे ८६० मीटर. दारू जवळपास तीन ग्रॅम. गोळी आणि वायू मिळून संवेग होतो साधारण साडेबारा किलो-मीटर प्रति सेकंद.

हा आकडा म्हणजे नेमका किती? क्रिकेटच्या भाषेत बोलू. ताशी १४० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चेंडूचा संवेग सव्वासहाच्या आसपास असतो. म्हणजे ३०८ चा एक बार म्हणजे बुमराच्या वेगाचे दोन चेंडू एकदम खांद्यावर झेलणं. फरक इतकाच की इथे तो धक्का चेंडूएवढ्या जागेत न येता दस्त्याच्या रुंद पाठीतून येतो.

मग हलकी रायफल जास्त का लागते?

खरी मेख इथे आहे. काडतूस तेच असेल तर संवेगही तोच राहतो, रायफल जड असो वा हलकी. पण तोच संवेग हलक्या रायफलला मिळाला की ती जास्त वेगाने मागे येते. आणि खांद्याला जाणवते ती त्या मागे येणाऱ्या रायफलची ऊर्जा.

आकड्यांत बघा. ३०८ चं काडतूस ३.६ किलोच्या रायफलमधून झाडलं तर रायफल सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने मागे येते आणि तिच्यात सुमारे २२ ज्यूल ऊर्जा असते. तेच काडतूस अडीच किलोच्या रायफलमधून झाडलं तर वेग पाच मीटर आणि ऊर्जा ३१ ज्यूल. रायफलचं वजन तीस टक्क्यांनी कमी केलं की मार चाळीस टक्क्यांहून जास्त वाढतो.

३१ ज्यूल म्हणजे तीन किलोची वस्तू एक मीटर उंचीवरून खांद्यावर पडणं. एकदा ठीक आहे. सरावाला वीस वेळा?

अमेरिकन शिकाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशोब चालतो. १५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २० ज्यूलपर्यंतचा धक्का बहुतेकांना फारसा त्रास न होता सोसतो. त्याच्या वर गेलं की नेम बिघडायला लागतो. हा काही निसर्गाचा नियम नाही, माणसामाणसात फरक असतोच. पण अंदाजाला बरा आकडा आहे.

मग अशा हलक्या रायफली लोक घेतात तरी कशाला? कारण त्या झाडायच्या कमी आणि वाहायच्या जास्त असतात. डोंगरात दिवसभर आठ-दहा तास चालायचं, उंची चढायची आणि दिवसाअखेर एखादा बार. तो पण मिळाला तर! अशा वेळी खांद्यावरचा एकेक ग्रॅम जाणवतो. म्हणून कंपन्यांनी कार्बन फायबरचे दस्ते आणि बारीक नळ्या वापरून दुर्बिणीशिवाय अडीच किलोच्या आतल्या रायफली बाजारात आणल्या. अनुभवी गिर्यारोहक शिकाऱ्यासाठी ते ठीक आहे. नवशिक्यासाठी आणि त्यातही लहान चणीच्या नवशिक्यासाठी ती फसवी सोय ठरते. दुकानात उचलून बघताना छान वाटते आणि मैदानात रडवते.

लहान चणीच्या माणसाला जास्त का लागतं?

"अंगात ताकद नाही म्हणून." नाही. पुन्हा गणित करू.

रायफल खांद्याला घट्ट टेकलेली असेल तर धक्का शेवटी सगळ्या शरीरात वाटला जातो. साडेबाराचा तो संवेग ५० किलोच्या माणसाला मिळाला तर तो माणूस सेकंदाला पाव मीटर वेगाने मागे ढकलला जाईल. म्हणजे ताशी एक किलोमीटरपेक्षाही कमी. लोकलमध्ये शेजारचा माणूस यापेक्षा जोरात ढकलतो. ९० किलोच्या माणसाला हाच धक्का निम्म्याच्या आसपास जाणवेल, हे खरं. पण ५० किलोचा माणूस एवढ्यावर आडवा होत नाही.

मग व्हिडिओतली मुलगी का पडली? नीट बघा. बार काढायच्या आधीच ती मागे झुकलेली असते. कंबर पुढे, खांदे मागे. कारण हातातली बंदूक तिच्या मापाची नसते. दस्ता लांब असतो, त्यामुळे तोल सांभाळायला तिला मागे कलावं लागतं. मागे कललेल्या माणसाला बोटाने ढकललं तरी तो पडेल.

मूळ दुखणं हे आहे. बहुतेक रायफलींचे दस्ते साधारण पावणेसहा फुटांच्या पुरुषाच्या मापाने बनतात. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर त्यात साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला ते जवळपास नक्कीच जास्त होतं. त्यातून एकेक गोष्ट बिघडत जाते:

- हात ताणले जातात आणि शरीर मागे कलतं.
- दस्ता खांद्याच्या मऊ खोबणीत न बसता दंडावर किंवा कॉलरबोनवर टेकतो. हाडावर बसलेला धक्का जास्त दुखतो.
- मान पुढे ताणून दुर्बिणीत बघावं लागतं, मग डोळा भिंगाच्या फार जवळ जातो. धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवईवर आदळते आणि अर्धचंद्राची जखम होते. अमेरिकेत शिकाऱ्यांच्या भुवयांवर ही खूण इतकी नेहमीची आहे की तिच्यावर विनोद होतात.
- गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, मग दस्ता उसळून गालाच्या हाडावर बसतो.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण. दस्त्याचं खालचं टोक छातीच्या वरच्या भागात रुततं, कारण त्या टोकाचा कोन पुरुषाच्या सपाट छातीसाठी ठरवलेला असतो. मान तुलनेने लांब असेल तर गाल टेकायची जागाही खाली पडते.

थोडक्यात, शिलाई दुसऱ्याच्या मापाची आणि दोष घालणाऱ्याच्या अंगाचा!

दुखणं खांद्यापुरतं थांबत नाही

खांदा दोन दिवसांत बरा होतो. डोक्यात बसलेली भीती राहते.

दोन-चार वेळा जोरात लागलं की मेंदू शिकतो: चाप दाबला की मार बसतो. मग पुढच्या वेळी चाप दाबण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आपोआप पुढे झेपावतो, मूठ आवळली जाते आणि नळीचं तोंड खाली जातं. इंग्रजीत याला फ्लिंच म्हणतात. आपण दचका म्हणू. झाडणाऱ्याला तो कळतही नाही, कारण पाठोपाठ येणाऱ्या खऱ्या धक्क्यात तो लपून जातो.

मैदानात दचक्याची किंमत म्हणजे कागदावर चुकलेलं भोक. रानात ती किंमत हरीण मोजतं. हरणाच्या हृदय-फुफ्फुसाचा भाग साधारण आठ-दहा इंचांचा. गोळी तिथे बसली तर प्राणी काही क्षणांत कोसळतो. नळी जराशी हलली तर गोळी पोटात किंवा पायात लागते. मग तो प्राणी जखम घेऊन झाडीत पळतो आणि कदाचित सापडतही नाही. जबाबदार शिकाऱ्यांच्या दृष्टीने यापेक्षा लाजिरवाणी गोष्ट नाही. शिकारीबद्दल तुमचं मत काहीही असो, परवानगी आहे तिथे तरी प्राण्याला यातना होऊ नयेत, यावर दुमत नसावं.

म्हणून धक्का आटोक्यात ठेवणं हा नाजूकपणाचा प्रश्न नाही, तो नेमाचा प्रश्न आहे.

उपाय पहिला: काडतूस बदला

सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. गोळी हलकी आणि दारू कमी, तर संवेगच कमी. बाकीचे उपाय धक्का वळवतात किंवा पसरवतात. हा उपाय धक्क्याचं मूळच लहान करतो.

३०८ च्याच काडतुसाचं तोंड अरुंद करून १९५५ मध्ये २४३ विंचेस्टर आलं. त्याची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची. अडीच किलोच्या हलक्या रायफलमधूनसुद्धा त्याचा धक्का १९ ज्यूलच्या आसपास राहतो. म्हणजे २४३ ची हलकी रायफल ३०८ च्या जड रायफलपेक्षाही मवाळ! अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी ते पुरेसं मानलं जातं आणि कित्येक पोरांचं पहिलं हरीण याच काडतुसाने पडलेलं असतं.

थोडी जड गोळी हवी असेल तर २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर आहे, किंवा १९८० पासूनचं ७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन. दोन्हींचा धक्का सारख्या वजनाच्या रायफलीत ३०८ पेक्षा कमी. याउलट ३०० विंचेस्टर मॅग्नम अडीच किलोच्या रायफलमध्ये घातलं तर हिशोब ५८ ज्यूलच्या घरात जातो. तो नाद लहान चणीच्याच काय, धडधाकट माणसानेही विचार करून करावा.

घरात आधीच ३०८ असेल तर? कमी धक्क्याची तयार काडतुसं मिळतात. हॉर्नडी कंपनीची ‘कस्टम लाइट’ ही त्यातलीच. त्यांचा पल्ला थोडा कमी, पण शंभर-दीडशे मीटरवरच्या हरणाला पुरतो. मात्र "दारू थोडी कमी भरू, काय होतंय" असले घरगुती प्रयोग अजिबात नकोत. काडतुसात दारू गरजेपेक्षा फार कमी भरणंही धोक्याचं असू शकतं.

"छोट्या काडतुसाने काय होणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक नाव पुरेसं आहे: जिम कॉर्बेट. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरकडून एक रायफल भेट मिळाली, २७५ रिग्बी. हे म्हणजे ७ मिलिमीटर माउझर काडतुसाचंच रिग्बी कंपनीने दिलेलं नाव. त्या काळच्या अजस्र दुनळी बंदुकांच्या मानाने अगदीच मवाळ. तिकडे आफ्रिकेत ‘कारामोजो’ बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक याच छोट्या काडतुसाने. आज ते वाचून अंगावर काटा येतो आणि यायलाच हवा. पण तांत्रिक मुद्दा उरतोच: धक्का कमी असेल तर नेम हवा तिथे लागतो आणि शेवटी फरक नेमाने पडतो, गोळीच्या आकाराने नाही.

उपाय दुसरा: दस्ता मापाचा करा

ब्लाउज शिवताना माप देतो, चपला घालून बघतो आणि रायफल मात्र जी मिळेल ती. असं नको.

ढोबळ माप असं घ्या. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर आरामात चापावर पोहोचलं पाहिजे. मग रायफल खांद्याला लावून बघा. नाक आणि चापाकडच्या हाताचा अंगठा यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं तर माप बरं आहे.

हे सगळं हंगामात घालायचा कोट अंगावर ठेवून करायचं. विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या शेवटी येतो, तेव्हा तिथे कडाक्याची थंडी असते. जाड कोटाने दस्ता एक-दोन सेंटिमीटर आणखी लांब झाल्यासारखा होतो. उन्हाळ्यात टीशर्टवर अचूक बसलेली रायफल थंडीत काखेत अडकते, ती यामुळे.

कंपन्यांना हे उशिरा का होईना कळलं. वेदरबी कंपनीने स्त्रियांसाठी ‘कॅमिला’ नावाची रायफल काढली. संस्थापक रॉय वेदरबी यांच्या पत्नीचं नाव तिला दिलंय आणि तिचा दस्ता १३ इंचांचा आहे. सॅव्हेजच्या काही रायफलींत पट्ट्या घालून-काढून दस्त्याची लांबी आणि गालाची उंची बदलता येते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी हे फार सोयीचं.

फक्त ‘यूथ मॉडेल’ नावाच्या रायफली घेताना डोळे उघडे ठेवा. दस्ता आखूड असतो हे छान. पण वजनही सगळ्यात कमी आणि नळीही आखूड, म्हणजे आवाज आणि भडका तोंडाच्या आणखी जवळ. २४३ मध्ये ती उत्तम. ३०८ मध्ये घेतली तर लेकराच्या हातात सगळ्यात जास्त मारणारी रायफल दिल्यासारखं होतं.

उपाय तिसरा: धक्का पसरवा

स्लिपमध्ये झेल घेताना चांगला खेळाडू हात चेंडूसोबत मागे नेतो. चेंडूचा संवेग तोच, पण तो थांबायला वेळ जास्त मिळतो, म्हणून हाताला कमी झणका बसतो. दस्त्याच्या टोकाला लावलेली मऊ रबरी गादी, म्हणजे रिकॉइल पॅड, हेच काम करते. कारखान्यातून आलेली कडक गादी काढून चांगली मऊ गादी बसवणं हा सगळ्यात स्वस्त आणि पैसे वसूल करणारा उपाय. फक्त तिच्यामुळे दस्त्याची लांबी वाढणार नाही, हे बघून घ्यायचं.

दुसरा मार्ग वजनाचा. दस्त्याच्या पोकळीत दोनशे-तीनशे ग्रॅम वजन भरता येतं. सरावाच्या दिवशी भरायचं, डोंगर चढायच्या दिवशी काढायचं.

उपाय चौथा: नळीच्या तोंडाशी काहीतरी लावा, पण कान सांभाळून

मझल ब्रेक हा नळीच्या टोकावरचा भोकं पाडलेला तुकडा. बाहेर पडणारा वायू तो बाजूला आणि थोडा मागे वळवतो. त्यामुळे धक्का तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही कमी होतो. ऐकायला जादू वाटते, पण किंमत कानांना द्यावी लागते. शिकारीच्या रायफलचा आवाज तसाही १५५ ते १७० डेसिबलच्या दरम्यान असतो. १४० च्या वरचा एकच स्फोटक आवाजही कायमची इजा करू शकतो. ब्रेक लावला की तो आवाज झाडणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानाकडे आणखी जोरात येतो. आणि कानाच्या आतल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

सप्रेसर, म्हणजे बोलीभाषेतला सायलेन्सर, धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो. सिनेमात दाखवतात तसा ‘फुस्स’ आवाज होत नाही, बराच मोठा आवाज उरतोच. नॉर्वे, फिनलंडमध्ये तो शिकाऱ्यांच्या नेहमीच्या सामानात असतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत परवानगी आहे, पण सरकारकडे नोंदणी करावी लागते.

काहीही लावा किंवा लावू नका, सरावाच्या वेळी कानात बोळे आणि त्यावर इअरमफ, दोन्ही हवेतच. नवशिक्याला धक्का वाटतो त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात आवाजाची दहशत असते. आवाज कमी केला की तीच रायफल मवाळ वाटायला लागते.

उपाय पाचवा: सराव, पण शहाणा

इथे उत्साही बापांकडून सगळ्यात जास्त चुका होतात. पहिल्याच दिवशी टेबलावर बसवून वीस बार काढायला लावतात. टेबलावर पुढे वाकून बसलं की शरीर मागे हलू शकत नाही आणि सगळा मार खांद्यावर बसतो. उभ्याने तोच बार निम्मा वाटतो. म्हणून दुर्बीण नेमाला लावायचं टेबलावरचं काम मोठ्याने करावं, किंवा दस्ता आणि खांदा यांच्यात वाळूची छोटी पिशवी ठेवून करावं.

सरावाची साधारण चढण अशी:

१. रिकाम्या रायफलवर चाप दाबण्याचा सराव. आवाज नाही, धक्का नाही. फक्त श्वास, नेम आणि बोट. रायफल रिकामी असल्याची खात्री आधी, नळी कायम सुरक्षित दिशेला.

२. पॉइंट टू-टू रायफल. तिचं काडतूस चिमुकलं, धक्का नावापुरता, काडतुसं स्वस्त. शेकडो बार इथेच काढायचे.

३. मग मोठी रायफल, एका दिवशी फार तर आठ-दहा बार. खांदा दुखायच्या आधी थांबायचं. शेवटचे पाच बार पुन्हा टू-टूचे, म्हणजे डोक्यात चांगली आठवण राहते.

उभं राहताना डावा पाय पुढे (डावखुऱ्यांचा उजवा), वजन पुढच्या पावलावर, कंबरेतून किंचित पुढे झुकलेलं अंग. दस्ता खांद्याच्या आतल्या खोबणीत घट्ट. सैल धरलेली रायफल आधी वेग घेते आणि मग येऊन आपटते, घट्ट धरलेली ढकलते. हलकी रायफल वर उसळते जास्त, म्हणून पुढचा हात नळीखालच्या लाकडावर नीट पकड घेऊन असावा. गाल दस्त्यावर टेकलेला आणि डोळा दुर्बिणीपासून साधारण नऊ सेंटिमीटरवर.

दचका पकडायचा असेल तर एक जुनी युक्ती आहे. मैदानावर जाणकार सोबत्याने दर वेळी आपल्याला न दाखवता रायफल भरून द्यायची, कधी खऱ्या काडतुसाने, कधी सरावाच्या नकली काडतुसाने. नकली असेल तेव्हा फक्त ‘टिक’ होतं. त्या वेळी नळीने खाली डुबकी मारली तर दचका उघडा पडतो. लाजायचं कारण नाही. मोठमोठ्या शिकाऱ्यांचाही तो असा सापडतो.

कोल्हापूरची रायफल का लागत नाही?

आता आपल्या मातीतलं उदाहरण. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेऊन आलेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. दोघंही ५० मीटर रायफलचे नेमबाज. तिथे टू-टूचं काडतूस वापरतात, ज्याचा धक्का जड रायफलीत एका ज्यूलच्या दहाव्या भागाच्या आसपास. आणि रायफल केवढी? नुसत्या १० मीटरच्या एअर रायफललाच साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं. शिवाय तिचा गालाचा आधार, दस्त्याची लांबी, मागचा आकडा, सगळं मिलिमीटरमध्ये फिरवून खेळाडूच्या अंगाला जुळवलेलं असतं.

म्हणजे बघा. ज्या खेळात धक्का जवळपास नाहीच, तिथे रायफल जड आणि मापाची. आणि जिथे धक्का तीनशे पट, तिथे रायफल निम्म्या वजनाची आणि माप भलत्याचंच. मग लहान चणीच्या माणसाला "तुझ्यात दम नाही" म्हणण्यात काय अर्थ?

हे ओळखून अमेरिकेत काही चांगले प्रयत्नही झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टीव्हन्स पॉइंट शाखेत १९९१ मध्ये ‘बिकमिंग अॅन आउटडोअर्स-वुमन’ नावाचा उपक्रम सुरू झाला. स्त्रियांना रानातली कौशल्यं, त्यात नेमबाजीही, हसण्याचा विषय न होता शिकता यावीत, हा त्याचा हेतू. पुढे तो अनेक राज्यांत आणि कॅनडातही पोहोचला.

तेव्हा अमेरिकेत किंवा कॅनडात राहणारे तुमचे कुणी नातेवाईक मुलीला पहिल्यांदा रेंजवर घेऊन जाणार असतील, तर त्यांना एवढं जरूर सांगा: आधी काडतूस लहान करा, मग दस्ता मापाचा करा, कान झाका आणि पोटभर सरावाआधी थांबा. रायफलचं वजन सगळ्यात शेवटी बघा.

आणि तो माती खाणाऱ्या मुलीचा व्हिडिओ पुन्हा समोर आला, तर हसण्याआधी तिच्या खांद्याकडे आणि दस्त्याकडे एकदा बघा. तिने रायफल चुकीची धरली नव्हती. तिला चुकीची रायफल दिली होती.